कासमभाईंची चिनी कसरत

भोरच्या शाळेत मी ड्रिल मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: घाम आल्याशिवाय व्यायाम होत नाही. ही अक्कल मला वडिलांकडून मिळाली होती, त्यांना त्यांच्या वडिलांकडून, आणि संस्थानातल्या कुठल्याही तालमीत गेलं तरी तीच ऐकू येई. जोर, बैठका, नमस्कार, लेझीम. करायचं ते जोरात आणि मोजून. अशा माणसाला पहिल्याच आठवड्यात कासमभाई नदाफ दिसावेत, हा योग काही बरा नव्हता.

झालं असं, की सकाळच्या ड्रिलला वरच्या वर्गातली पोरं उशिरा येऊ लागली. विचारलं तर म्हणाली, "नदीवर कासमचाचाला बघत हुतो, गुरुजी." मी छडी घेऊन नीरेच्या काठी गेलो. घाटाच्या वरच्या अंगाला सपाट जागा आहे. तिथे एक उंच, हडकुळा, दाढीला मेंदी लावलेला माणूस उभा होता. त्यानं एक हात उचलायला घेतला. मी वाट पाहत राहिलो. हात वर पोचेपर्यंत माझा निम्मा राग ओसरला, आणि पाऊल पुढे पडेपर्यंत मीही पोरांच्या घोळक्यात उभा होतो.

"ह्यांचं काही हरवलंय का?" शेजारी धुणं धूत असलेल्या बाईला मी विचारलं.

"डोस्कं," ती म्हणाली आणि धुणं आपटत राहिली.

कासमभाईंबद्दल भोरात मतं तयारच होती. कुणी म्हणे, बोटीवर असताना समुद्र लागला तो अजून उतरलेला नाही. कुणी म्हणे, चीनमधून भूत मागे लागून आलंय आणि परमुलखात त्याला वाट सापडत नाही, म्हणून ते असं चाचपडत चालतं. एका म्हातारीनं त्या जागेवर लिंबू उतरवून ठेवलं होतं. कासमभाईंनी कसरत संपल्यावर ते घरी नेलं आणि सरबत करून प्यायले.

घराणं पिंजाऱ्यांचं. गाद्या-उशांचा कापूस पिंजायचा हा पिढीजात धंदा. माझी खोली त्यांच्या घरासमोरच होती, त्यामुळे पिंजायच्या धनुकलीचा आवाज माझ्या कानात आणि कापूस माझ्या चहात पडत असे. तोच कापूस लहानपणापासून त्यांच्या छातीत गेलेला. विशीत घरातून पळाले, मुंबईच्या गोदीत एका बोटीच्या भटारखान्यात चिकटले, आणि शांघायला खोकल्यानं अंथरूण धरलं तेव्हा कप्तानानं तिथेच उतरवून दिलं. मग एका बोहरी व्यापाऱ्याच्या कोठीत ते स्वयंपाकाला राहिले. कोठीमागच्या बोळात एक म्हातारा चिनी शिंपी राहत असे. त्यानं भिंतीपलीकडून येणारा खोकला बरेच दिवस ऐकला आणि एका पहाटे ह्यांना हाताला धरून बागेत नेऊन ताय ची नावाची ही सावकाश कसरत शिकवायला घेतली.

"त्याला माजी दया आली आसं न्हाई हां मास्तर," कासमभाई सांगत. "त्याची झोप मोडायची."

शांघायला ते 'शंगाई' म्हणत, आणि शंगाईची गोष्ट निघाली की हातातलं काम बाजूला पडे. "ताय ची म्हंजी एकच चीज न्हाई. त्यांच्यातबी घरानी हायत. चेन, यांग, वू. आडनावं हायत ती, आपल्याकडं जेधे, शिर्के, देशमुख आसत्यात तशी." मग ते अंगणातच करून दाखवत. चेनवाल्यांचं ठाण खाली, गुडघे पार वाकलेले, आणि हळूहळू चाललेलं असताना मध्येच पाय आपटून एकदम झटका. यांगवाल्यांचं सगळं मोठं, मोकळं आणि एकसारखं, कुठे घाई नाही की कुठे थांबणं नाही. वूवाल्यांचं तेच, पण आखूड. अंग जरा पुढे कललेलं, हात छातीजवळ, पावलं लहान. "त्ये बोळात ऱ्हानाऱ्यांनी काडलं आसंल," हा शेवटचा शोध त्यांचा स्वतःचा. शिंपी यांगवाला, म्हणून कासमभाईही यांगवाले. उरलेल्या दोन घराण्यांविषयी ते सोयरीक मोडलेल्या घराविषयी बोलावं तसं बोलत.

फायदे सांगायला लागले की त्यांना आवरणं कठीण. श्वास पोटापर्यंत जातो, गुडघे मोकळे होतात, झोप लागते, अन्न पचतं, तोल सांभाळतो, म्हातारपणी माणूस पडत नाही. इथवर मी मान हलवत असे. पण मग केस काळे होतात, हलणारे दात घट्ट बसतात, आणि शंगाईत एक आजोबा ह्याच कसरतीच्या जोरावर नातवाच्या लग्नानंतर पुन्हा बाप झाले, इथपर्यंत गाडी आली की हलिमाभाभी आतून ओरडत, "दाडीची मेंदी संपलीया, आनताय का आता?" राग शांत होतो हा त्यांचा लाडका दावा. तो ते मला समजावून देत असतानाच एकदा चहात साखर कमी निघाली. तेव्हा गल्लीनं जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक मात्र खरं, पूर्वीचा खोकला ज्यांनी ऐकला होता ते सांगत की माणूस आता पुष्कळ बरा आहे. दिवसभर पिंजूनही संध्याकाळी ते धाप न लागता तासभर बोलू शकत, आणि बोलत.

हे सगळं ऐकून एकदा मीही शिकायला उभा राहिलो.

"माज्या पाठीमागं ऱ्हावा," ते म्हणाले. "माजी पाठ बगायची. म्या करतो त्ये करायचं. डावा त्यो डावा, उजवा त्यो उजवा."

शिंप्याची रीतच तशी होती. शिकवणारा पुढे, शिकणारा मागे. गुडघे जरासे वाकवायचे आणि अंगाचं वजन एका पायातून दुसऱ्या पायात, भांड्यातलं तेल ओतावं तसं न सांडता न्यायचं. थोड्याच वेळात माझ्या मांड्या लटपटू लागल्या आणि घामाविषयीचं माझं मत तिथल्या तिथे बदललं. पण मला एक खोड. पाय हलला की तोंडातून 'एक, दोन, तीन, चार' आपोआप बाहेर पडे. त्यांनी आठवडाभर सोसलं आणि मग मागे वळून म्हणाले, "मास्तर, तुमी मानूस चांगलं. पर तुमच्या पोटात बँड वाजतोय. तुमाला न्हाई यायचं ह्ये."

मला मनापासून वाईट वाटलं. त्यांनाही वाटलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. भोरला परतायला निघाले तेव्हा शिंप्यानं काही घेतलं नव्हतं. फक्त कबूल करून घेतलं होतं की तुझ्या गावात निदान एका माणसाला तरी हे देऊन जा.

"म्या गावभर बोंबलत फिरतो त्ये काय हौस म्हनून व्हय? कुनीतरी पाठीमागं हुबं ऱ्हायला पायजे. म्या गेलो का ह्येबी गेलं. हितं दुसरं कोन हाय?"

त्यांना मूलबाळ नव्हतं. गावातली पोरं बघायला येत, नक्कल करत, हसत आणि विटीदांडूला पळत. एवढ्या बडबड्या माणसाला एवढी एकच गोष्ट मनाला लागलेली असावी, आणि तीच होऊ नये, ह्याचं मला फार वाटे.

दिवाळीच्या तोंडावर त्यांना हिर्डोशीच्या पाटलांकडून गाद्या पिंजायचं बोलावणं आलं. मलाही वरंध्याकडचा मुलूख पाहायचा होता, म्हणून बरोबर गेलो. अर्ध्या वाटेपर्यंत बैलगाडी मिळाली, पुढे पायी. परतीचा पाऊस नुकताच पडून गेला होता आणि वाट भातखाचरांच्या बांधावरून. मी, शाळेचा ड्रिल मास्तर, गुडघाभर चिखलात किती वेळा गेलो हे सांगत नाही. कासमभाई खांद्यावर पुरुषभर लांबीची धनुकली घेऊन त्याच बांधावरून चालले होते, आणि तेही बोलत.

"तुमी आदी वजन देता आन् मग पाऊल शोदता," ते मागे न बघताच म्हणाले. "पाऊल आदी ठिवायचं. त्यानं हूं म्हटलं, का मग वजन."

त्यानंतर मी घाटवाटांवर पुष्कळ हिंडलो, आणि ते वाक्य कायम उपयोगी पडलं. आता ही हकीकत इथेच थांबती तर कासमभाई फार थोर माणूस ठरते. पण भोरला आल्यावर त्यांनी माझं पडणं आणि त्यांचं न पडणं बाजारपेठेत, किराणा दुकानासमोर, अभिनयासह सांगायला घेतलं. गर्दी जमली. यांगवाल्यांचं मोठं मोकळं पाऊल त्यांनी मागे टाकलं ते दुकानदारानं उतरवून ठेवलेल्या गुळाच्या ढेपेवर, आणि कासमभाई पाठीवर आडवे झाले.

"शंगाईला गूळ नसतो," उठता उठता ते म्हणाले.

त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं हसले ते शंकरअप्पा. शंकरअप्पा म्हणजे भोरच्या तालमीचे वस्ताद. मान आणि खांदा ह्यांत फरक न राहिलेला गडी, आवाज असा की तालमीतून हाक मारली तर नदीवरची म्हैस वळून बघे. कासमभाईंना ते 'गोगलगाय' म्हणत. "घाम न्हाई, धाप न्हाई, त्यो कसला यायाम? देवाम्होरं उदबत्ती ववाळल्यावानी!"

तेच अप्पा एका पावसाळ्यात तापानं पडले. ताप गेला, पण जाताना तोल घेऊन गेला. उभं राहिलं की चक्कर, चाललं की भिंतीचा आधार. तालमीचा रिवाज असा, की चैत्रातल्या जत्रेत पहिली कुस्ती लागण्याआधी वस्तादानं मैदानाला एक फेरी घालायची. एकट्यानं, कुणाचा हात न धरता. अप्पांनी ती कधी चुकवलेली नव्हती. यंदा ती दुसऱ्या कुणाला द्यावी, असं पंचमंडळी हळू आवाजात बोलू लागली होती.

एका दुपारी, गल्ली झोपलेली असताना, अप्पा भिंतीला धरून धरून माझ्या खोलीत आले.

"मास्तर, तुमच्या त्या गोगलगाईला इचारा. मानूस पडत न्हाई म्हनतो, त्ये खरं का बाता?"

मी विचारलं. कासमभाईंचा आनंद पोटात मावेना. नवी बंडी घालून ते परसात जाऊन उभे राहिले, अप्पांकडे पाठ करून. "हं. ऱ्हावा माज्या पाठीमागं."

"म्या न्हाई कुनाच्या पाठीमागं हुबा ऱ्हात," अप्पा म्हणाले. "पैलवान पाठीमागं जातो त्यो उचलून आपटायलाच. आमी समोर हुबं ऱ्हाऊन शिकतो."

"आवं, पर समोरनं उलटं दिसतंय."

"दिसू दे."

दोघंही हट्टी. शेवटी कासमभाईच वळले. कुणीतरी मिळालं होतं, ते घालवायची त्यांची तयारी नव्हती. तेव्हापासून रोज दुपारी, परसाचं दार लावून, दोन म्हातारे तोंडाला तोंड देऊन उभे राहत, आणि कासमभाईंचा डावा हात उठला की अप्पांचा उजवा उठे. पहिले काही दिवस अप्पांनी घरी जाऊन तेच खूप खाली बसून आणि खूप वेळा केलं, कारण थोडं करून गुण येतो हे पैलवानाच्या डोक्यात शिरणं अवघड. गुडघे सुजले. कासमभाईंनी त्यांना लाकडी पाटावर बसवून नुसता श्वास घ्यायला लावलं.

"वस्ताद, हितं चीत करायला समोर कुनी न्हाई. कुनाला दाखवताय जोर?"

अप्पांनी ऐकलं. ते ऐकतील असं मला वाटलं नव्हतं. माघ संपता संपता त्यांची भिंत सुटली. फाल्गुनात ते एका पायावर अंग तोलून दुसरा पाय हळूच पुढे ठेवू लागले, आणि हलिमाभाभी चुलीपुढून उठून ते बघायला दारात येत. मात्र सगळं उलटं. कासमभाई रोज रात्री माझ्याकडे येऊन कुरकुरत, "करतोय ब्येस, पर आरशातलं करतोय. आसं फुडं कुनाला दिलं तर माजा शिंपी कबरंतनं उटून यील."

जत्रेच्या दिवशी कासमभाई नवी टोपी घालून माझ्याशेजारी उभे होते. अप्पा मैदानात आले. हलगी थांबली. त्यांनी पाऊल ठेवलं, मग वजन दिलं, पुन्हा पाऊल ठेवलं. एरवी ते ही फेरी ढांगा टाकत घालत. त्या दिवशी ती सावकाश झाली आणि लोकांना ती जास्तच रुबाबदार वाटली. फेरी पुरी करून अप्पांनी वाकून मातीला हात लावला आणि आधाराशिवाय सरळ झाले. माणसं ओरडली, फेटे उडाले. पंचांतल्या एकानं मोठ्यानं विचारलं, "अप्पा, कुनाचं आवशिद लागू पडलं?"

मी कासमभाईंकडे पाहिलं. ते टोपी सारखी करत होते.

"तालमीची माती," अप्पा म्हणाले. "दुसरं काय!"

कासमभाई पहिली कुस्ती बघायलाही थांबले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून परसाच्या दाराला आतून कडी लागली. अप्पा एकदा येऊन कडी वाजवून गेले, पण ती उघडली गेली नाही.

"चोरून शिकला आन् चोरून न्येलं," कासमभाई मला म्हणाले. त्यांच्या बोलण्यात पहिल्यांदाच बढाई नव्हती. "बरं, नाव नगं घिऊ. पर त्यो आता करनारबी न्हाई मास्तर. फेरी झाली, काम झालं. म्हंजी एकबी न्हाई मिळाला मला."

मला अप्पांचा राग आला होता आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. लढाई सुरू झाली होती, शंगाईचं नाव कधीमधी वर्तमानपत्रात येई, आणि कासमभाई मला ती बातमी पुन्हा पुन्हा वाचायला लावत. खोकला परत आला. पिंजणं थांबलं. नदीवर जाणंही थांबलं. अंगणात खाटेवर बसूनच ते हात हलवत. थंडी सुरू झाल्यावर एके दिवशी हलिमाभाभींनी बाजारातून बातमी आणली, "तालमीतली पोरं तुमचा त्यो धीम्या चालीचा नाच करत्यात म्हनं. रोज. अप्पा शिकवतोय."

कासमभाई खाटेवरून उठलेच. "चला मास्तर. आज त्याला इचारतोच."

मी त्यांना धरून नेलं. वाटेत तीनदा थांबावं लागलं, आणि प्रत्येक थांब्याला अप्पांना काय काय सुनवायचं ते त्यांनी मला आधी ऐकवलं. त्यातलं निम्मं जरी बोलले असते तरी भोरात दोन तट पडते. ते त्या संक्रांतीच्या आतच गेले, म्हणून ही सकाळ मला इतकी नीट आठवते.

तालमीत जोर-कुस्त्या आटोपल्या होत्या. पोरं मातीनं माखलेली, ओळीत उभी. सगळ्यांच्या पुढे, आमच्याकडे पाठ करून, शंकरअप्पा. पोरं त्यांच्या पाठीमागे. अप्पांचा हात उठला, पोरांचे हात उठले. एवढी दांडगट पोरं, पण कुणी हसत नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं. पाऊल आधी, वजन मागून. आणि सगळंच्या सगळं उलटं. डाव्याच्या जागी उजवं, उजव्याच्या जागी डावं.

कासमभाई दारातच थांबले. आता हे ओरडणार, म्हणून मी त्यांचा दंड घट्ट धरला.

"उलटं करताहेत," मी हळूच म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. "पार उलटं." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पर किती जनं हायती, बगा की."

त्यांनी माझा हात सोडवला. वहाणा काढल्या, मातीला हात लावून कपाळाला लावला, आणि शेवटच्या पोराच्याही मागे, भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. पोरांचा उजवा हात उठला तसा त्यांनीही उजवाच उचलला. ज्या माणसानं इतकी वर्षं डाव्या-उजव्यावरून माझं डोकं खाल्लं, तो तिथे सर्वांत मागे उभा राहून पोरांची चूक बिनबोभाट करत होता. काही वेळ असंच चाललं. मग त्यांना खोकल्याची उबळ आली.

अप्पांचा हात हवेत थांबला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ती चाल त्यांनी पुरी केली, दोन्ही हात खाली आणले आणि समोरच्या भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "थांबा रं. समदी मागं फिरा."

पोरं गोंधळली, पण वस्तादाचा शब्द. ती वळली. अप्पाही वळले. सगळ्यांत पुढे असलेले अप्पा आता सगळ्यांत मागे होते, आणि भिंतीजवळचे कासमभाई सगळ्यांच्या पुढे. अप्पांनी पोरांच्या डोक्यांवरून कासमभाईंकडे पाहिलं.

"पयल्यापास्नं सांगा, वस्ताद," अप्पा म्हणाले.

कासमभाईंनी बंडीच्या बाहीनं तोंड पुसलं, पोरांकडे पाठ केली आणि डावा हात उचलला.